जांभुळखेड्याचा स्फोट: युद्धगुन्हा की खून?

१ मे २०१९. पहाटेपूर्वीच गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यात, दादापूर इथे रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून अधिक वाहनं माओवाद्यांनी पेटवून दिली. त्याच दिवशी शीघ्र कृती दलाचे पोलीस एका खासगी वाहनातून तिकडे निघाले. वाटेत जांभुळखेड्याजवळ पेरलेला सुरुंग फुटला. १५ पोलीस आणि वाहनाचा चालक असे १६ जण ठार झाले. तपास पुढे एनआयए या केंद्रीय तपास यंत्रणेकडे गेला. प्रकरण खून, कट आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या चौकटीत चालत राहिलं.

घटनेविषयी एवढं पुरे. हे टिपण आहे ते तिच्यावरून नंतर उठलेल्या एका प्रश्नाचं, आणि तो प्रश्न गडचिरोलीत नव्हे, नागपुरात एका दैनिकाच्या पुरवणी विभागात उठला.

गुरुजींचा लेख

युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यानंतरची गोष्ट. बुचा, मारिउपोल ही नावं मराठी पानांवर येऊ लागली होती आणि त्यांच्याबरोबर ‘युद्धगुन्हा’ हा शब्दही. तोवर तो दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गमध्ये नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्यावरच्या एखाद्या लेखात, नाहीतर १९७१ च्या आठवणींत भेटायचा. मार्च २०२३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं पुतिन यांच्या नावे अटक वॉरंट काढलं आणि शब्द थेट पहिल्या पानावर आला.

त्यानंतरच्या महाराष्ट्र दिनाच्या तोंडावर एक निवृत्त शिक्षक दैनिकाकडे लेख घेऊन आले. नोकरीची बरीच वर्षं कुरखेड्याच्या बाजूला काढलेली, आता मुक्काम नागपूरच्या मानेवाड्यात. लेखाचं शीर्षक होतं ‘जांभुळखेडा: हा युद्धगुन्हाच!’ आणि शेवटची मागणी अशी की केंद्र सरकारनं हे प्रकरण हेगला न्यावं. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो आणि या दैनिकाचा कायद्याचा मजकूर अधूनमधून वाचून देतो. पुरवणी पाहणाऱ्या उपसंपादक मुलीनं फोन केला, “सर, शीर्षक असंच जाऊ द्यायचं का? लेख चांगला आहे, पण मला ते खटकतंय. काय खटकतंय ते नीट सांगता येत नाही.”

तिला खटकलं हे मला आवडलं. हा शब्द पाहून मराठी वृत्तपत्रात सहसा कोणाला काही खटकत नाही.

गुरुजींना भेटलो तेव्हा त्यांचा मुद्दा अगदी स्वच्छ होता. “खून म्हणजे शेताच्या धुऱ्यावरून होते तो, वकीलसाहेब. दोन भाऊ भांडले, एकानं कुऱ्हाड घातली, तो खून. सोळा माणसं रस्त्यात उडवली त्याला तोच शब्द लावायचा म्हणता तुम्ही?” म्हणजे त्यांच्या लेखी युद्धगुन्हा हा खुनाच्या वरचा दर्जा. माणसाच्या हातून घडू शकणाऱ्या सर्वांत वाईट कृत्याचं नाव. बोलण्यात आपण सगळेच तो तसाच वापरतो आणि त्यात गैर काही नाही. राग व्यक्त करायला भाषेला असे शब्द लागतातच.

कायद्यात मात्र तो दर्जा नाही, वर्ग आहे. युद्ध चालू असताना, त्या युद्धाशी निगडित, आणि युद्धाच्या नियमांत बसत नाही असं कृत्य. यातली एक अट जरी गळली तरी कृत्य कितीही भयंकर असो, ते युद्धगुन्हा ठरत नाही. न्यूरेंबर्गच्या ऑगस्ट १९४५ च्या सनदेतच आक्रमक युद्ध छेडणं, युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे अशी तीन वेगळी कलमं होती. गुरुजींच्या लेखात ही तिन्ही एकाच परिच्छेदात एकमेकांच्या जागी आली होती. त्यात ‘देशाविरुद्ध युद्ध पुकारणं’ हा चौथा प्रकारही मिसळलेला. तो तर आपल्या दंडसंहितेतला, जुनं कलम १२१, आता न्याय संहितेत १४७. तिथे युद्ध पुकारणं हाच गुन्हा आहे. युद्ध कसं लढलात हा प्रश्न तिथे येतच नाही. कसाबला याच कलमाखालीही दोषी ठरवलं होतं, युद्धगुन्हेगार म्हणून नव्हे.

युद्ध आहे, असं कोण म्हणेल?

पहिली अट युद्धाची. इथे दोन देश नाहीत, त्यामुळे अंतर्गत सशस्त्र संघर्षाचे निकष लावावे लागतात. युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणानं टाडिच नावाच्या आरोपीच्या प्रकरणात २ ऑक्टोबर १९९५ ला ते सांगितले: सरकार आणि संघटित सशस्त्र गट यांच्यातला प्रदीर्घ सशस्त्र हिंसाचार. यातून दोन गोष्टी तपासायच्या. हिंसा किती तीव्र आहे, आणि समोरचा गट किती संघटित आहे. दंगल, तुरळक गोळीबार, टोळीयुद्ध यांना हा कायदा लागत नाही.

माओवाद्यांचा पक्ष २००४ मध्ये दोन संघटनांच्या विलीनीकरणातून उभा राहिला. घटनेच्या वेळी त्याचं स्वतःचं सैन्य होतं, दलम म्हणजे छोट्या सशस्त्र तुकड्या होत्या, वरपासून खालपर्यंत हुकमाची साखळी होती. गडचिरोलीत १९९० पासून सी-६० सारखं खास पथक त्यांच्याशी लढतंय. कागदावर निकष लावले तर गुरुजींची बाजू अगदीच लंगडी नाही, आणि हा अंतर्गत सशस्त्र संघर्षच आहे असं मानणारे अभ्यासक आहेत.

मानत नाही ते भारत सरकार. सरकारच्या भाषेत हा डावा उग्रवाद, अंतर्गत सुरक्षेचा प्रश्न. माओवादी पक्ष २००९ पासून यूएपीएच्या यादीतली दहशतवादी संघटना. संयुक्त राष्ट्रांच्या सशस्त्र संघर्षातील मुलांविषयीच्या अहवालात नक्षलग्रस्त भागाचा उल्लेख आला, तेव्हा इथे सशस्त्र संघर्षच नाही असं सांगत भारतानं हरकत घेतली. १९९८ मध्ये रोममध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार मंजूर झाला तेव्हा भारत तटस्थ राहिला. त्यामागच्या आक्षेपांत अंतर्गत संघर्षांना त्या न्यायालयाच्या कक्षेत आणण्याचा मुद्दा होता, सुरक्षा परिषदेला दिलेल्या अधिकारांचा होता, अण्वस्त्रांच्या वापराला गुन्ह्यांच्या यादीतून वगळण्याचाही होता.

तेव्हा ‘युद्धगुन्हाच’ असं छापणं म्हणजे ‘युद्ध चालू आहे’ असं आधी छापणं. आणि ते तर माओवादी स्वतःच म्हणतात! त्यांच्या भाषेत ते ‘जनयुद्ध’. कायद्यानं पाहिलं तर युद्धाचे नियम घालून देणाऱ्या चारही जिनिव्हा करारांत समाईक असलेल्या, अंतर्गत संघर्षांसाठीच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिलंय की हे कलम लागू झाल्यानं लढणाऱ्या कोणत्याही बाजूचा कायदेशीर दर्जा बदलत नाही. पण वर्तमानपत्राचा वाचक ते कलम वाचत नाही, शीर्षक वाचतो. मी हे मांडल्यावर गुरुजी थोडे गप्प झाले. म्हणाले, “म्हणजे मी त्यांचीच बाजू लिहिली का जी?” तसं नव्हतं, पण वळण तिकडेच जात होतं.

मोठा शब्द, हलका गुन्हा

खरा पेच यापुढे आहे, आणि माझ्या मते या प्रकरणाचं सगळं सार त्यात आहे. घटकाभर धरू या की युद्ध चालू आहे. मग युद्धाचा कायदा पहिला प्रश्न काय विचारतो? किती मेले, हा नाही. लक्ष्य कोण होतं, हा.

युद्धाच्या कायद्यात लढणाऱ्यावर हल्ला करणं हा युद्धगुन्हा नाही. तो जेवत असो, झोपलेला असो, गाडीतून चाललेला असो. त्याला कवच मिळतं ते जखमी होऊन पडला, शरण आला किंवा पकडला गेला तरच. गुरुजींनी लेखात अश्वत्थाम्याचा दाखला दिला होता: रात्री झोपलेल्या छावणीत शिरून त्यानं द्रौपदीचे पुत्र मारले, तो पहिला युद्धगुन्हेगार. धर्मयुद्धाच्या कल्पनेत ते बरोबर आहे. पण आजच्या कायद्यात झोपलेल्या योद्ध्यावरचा छापा बसतो, आणि अश्वत्थामा अडकतो तो नंतर, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र टाकल्याबद्दल. महाभारत आणि जिनिव्हा यांचा हिशोब तिथे मात्र जुळतो.

आता जांभुळखेडा. शस्त्रधारी पोलीस, माओवाद्यांनी केलेल्या जाळपोळीच्या जागी निघालेले. पोलीस हे युद्धाच्या कायद्यात मुळात नागरिक धरले जातात, पण सैन्याचा भाग म्हणून किंवा थेट लढाईत उतरले की ते कवच जातं. गुरुजींनी इथे चांगला युक्तिवाद केला: हे ठाण्याचे पोलीस होते, सैन्य नव्हतं. वाद खरा आहे आणि तो दोन्ही बाजूंनी चालवता येईल. पण तो जिंकायचा तर ‘शीघ्र कृती दल हे लढणारं दल नव्हतंच’ असं सांगावं लागेल, आणि गडचिरोली पोलिसांत ते कोणाला मान्य होईल असं मला वाटत नाही. त्या दलाचा अभिमानच मुळी लढण्याचा आहे.

म्हणजे युद्ध मान्य केलं की १५ मृत्यू युद्धगुन्ह्याच्या खात्यातून बहुधा निघून जातात. राहिला चालक. तो नागरिक, निःशस्त्र. पण तो बसलेलं वाहन हे लक्ष्य ठरलं की त्याचा मृत्यू हल्ल्यात ओघानं झालेलं नुकसान म्हणून मोजला जातो. रोमच्या करारात असं नुकसान प्रमाणाबाहेर करणं हा गुन्हा आहे, पण फक्त दोन देशांमधल्या युद्धात. अंतर्गत संघर्षाच्या यादीत ते कलमच नाही. तिथे जाणूनबुजून नागरिकांवर रोखलेला हल्ला सिद्ध करावा लागतो.

उलट बाजूला साधा फौजदारी कायदा पाहा. त्यात हे १६ खून आहेत. पोलीस लढणारा की न लढणारा हा प्रश्नच उठत नाही. चालक ओघानं गेला, ही सबब चालत नाही. कट आहे, स्फोटकं आहेत, आणि यूएपीएच्या कलम १६ खाली दहशतवादी कृत्यात मृत्यू झाला तर फाशी किंवा जन्मठेप आहे. अंतर्गत संघर्षात बंडखोराला लढण्याचा परवाना कोणताच कायदा देत नाही. म्हणून युद्ध आहे असं उद्या मान्य झालं तरी हे खटले संपत नाहीत. युद्धगुन्हा नाही म्हणजे गुन्हा नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

गुरुजींना जो शब्द हलका वाटत होता त्यात १६ जण मोजले जातात. ज्याला ते जड समजत होते त्यात बहुधा एकही नाही.

सापळा आणि जळालेली यंत्रं

लेखात ‘विश्वासघातानं मारलं’ असंही होतं. वाहनं जाळली ती पोलिसांना बाहेर काढण्यासाठी, हा अंदाज तेव्हाही अनेकांनी बोलून दाखवला होता. तो खरा धरला तरी कायद्याच्या अर्थानं हा विश्वासघात नाही. कायदा ज्याला कपट म्हणतो ते म्हणजे कायद्यानंच दिलेल्या संरक्षणाचा गैरफायदा: पांढरं निशाण दाखवून गोळी घालणं, रुग्णवाहिकेवर लाल क्रॉस रंगवून आत बंदूकधारी बसवणं. दबा धरणं, आमिष दाखवून शत्रूला अडचणीच्या वाटेवर ओढणं हा जुन्यातला जुना डाव. उंबरखिंड शाळेत शिकलेल्या मराठी माणसाला तो वेगळा समजावून सांगायला नको.

सुरुंगाचंही तसंच. १९९७ च्या ओटावा करारानं माणसाच्या स्पर्शानं किंवा जवळ येण्यानं फुटणाऱ्या सुरुंगांवर बंदी घातली, पण भारत त्या करारात नाही, आणि कळ दाबून उडवलेला सुरुंग त्या व्याख्येत बसतही नाही.

गंमत अशी की या संपूर्ण घटनेत रोमच्या यादीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे दादापूरची जाळपोळ. लढाईची निकड नसताना लढणाऱ्या विरोधी बाजूची मालमत्ता नष्ट करणं हे अंतर्गत संघर्षातही युद्धगुन्ह्यांच्या यादीत आहे. कंत्राटदाराची यंत्रं ‘विरोधी बाजूची’ धरायची का, यावर दोन वकील दिवसभर भांडू शकतील. तरी गुरुजींच्या लेखात जाळपोळीला एकच ओळ होती, तीही प्रस्तावनेत.

आणि एक प्रकार असा आहे की त्यावर फारसा वादच नाही. गावातल्या कोणाला तरी पोलिसांचा खबरी ठरवायचं, ‘जनअदालत’ भरवायची आणि मारून रस्त्यावर टाकायचं. समाईक तिसऱ्या कलमात याच गोष्टी बजावून मनाई केल्या आहेत: लढाईत भाग न घेणाऱ्याची हत्या, आणि रीतसर न्यायालयाशिवाय दिलेली व अमलात आणलेली शिक्षा. युद्ध आहे असं धरलं तर हे निखळ युद्धगुन्हे. पण ती बातमी एका स्तंभात, आतल्या पानावर, कधी मृताच्या नावाशिवायही छापून येते. तिला हा शब्द लावावा असं कोणाच्या मनात येत नाही, कारण एकच माणूस मेलेला असतो आणि स्फोट झालेला नसतो.

हेच कलम पोलिसांवरही तितकंच लागतं. पकडलेल्या किंवा शरण आलेल्या माओवाद्याला मारून चकमक दाखवली तर तोही युद्धगुन्हाच ठरेल. सरकारला हा शब्द नको असण्यामागे हेही कारण आहे असं मला वाटतं. अर्थात अशा प्रसंगी साध्या कायद्यानंही सुटका नाही. चकमकींच्या तपासाबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात बंधनकारक सूचना दिलेल्या आहेत आणि तो खटला महाराष्ट्र सरकारविरुद्धचाच होता.

तक्रार कुठे करायची?

हेगला न्या, ही मागणी वाचायला सोपी आहे. हेगमध्ये दोन न्यायालयं आहेत. एक देशांमधले तंटे ऐकतं. इथे दुसरा देशच नाही. दुसरं व्यक्तींवर खटले चालवतं. भारत त्याचा सदस्य नाही. भारतीय भूमीवर भारतीय नागरिकांनी केलेलं कृत्य तिथे न्यायचं तर भारतानं त्या न्यायालयाचा अधिकार स्वतःहून मान्य करावा, नाहीतर सुरक्षा परिषदेनं प्रकरण सोपवावं, जसं २००५ मध्ये सुदानमधल्या दार्फूरचं सोपवलं. यातलं काही होईल असं गुरुजींनाही वाटत नव्हतं.

मग नागपुरातच, सिव्हिल लाइन्सच्या न्यायालयात? जिनिव्हा करारांसाठी आपल्याकडे १९६० चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो वकिलांच्याही वाचनात क्वचित येतो. करारांच्या ‘गंभीर भंगा’साठी त्यात शिक्षा आहे: संरक्षित व्यक्तीची जाणूनबुजून हत्या केली तर फाशी किंवा जन्मठेप, इतर बाबतींत १४ वर्षांपर्यंत कैद. आरोपी कोणत्याही देशाचा असो, गुन्हा कुठेही घडलेला असो. इथवर वाचून वकिलाचे डोळे चमकतात. पण हे गंभीर भंग फक्त दोन देशांमधल्या युद्धातले, समाईक तिसरं कलम त्यात नाही. आणि कलम १७ सांगतं की सरकारच्या किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीशिवाय कोणत्याही न्यायालयानं या गुन्ह्याची दखल घ्यायची नाही. गुरुजींचा अर्ज दारातच थांबणार.

या कायद्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल १९६९ चा, गोव्याच्या मोन्तेरो नावाच्या धर्मगुरूंच्या प्रकरणातला. गोवा हा व्याप्त, म्हणजे परक्या सैन्याच्या ताब्यातला प्रदेश आहे, म्हणून चौथ्या जिनिव्हा कराराचं संरक्षण मला मिळावं, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयानं ते मानलं नाही. गोवा भारतात विलीन झाल्यावर व्याप्त प्रदेशाचा दर्जा संपला, आणि हा कायदा नागरिकाला न्यायालयात जाण्याचा स्वतंत्र उपाय देत नाही, असं सांगितलं. निकाल लिहिला सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी. ते आपल्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूरच्या उच्च न्यायालयात वकिली केलेले, पुढे तिथलेच मुख्य न्यायाधीश झालेले. गुरुजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच वहीत टिपून घेतलं. शिक्षकी पेशा.

याच १९६० च्या कायद्यात लाल क्रॉसचं चिन्ह सरकारच्या परवानगीशिवाय वापरण्यावर बंदी आहे आणि दंड आहे ५०० रुपयांपर्यंत. नागपुरात दवाखान्यांनी भरलेल्या धंतोली-रामदासपेठेतून एक फेरी मारली तर या कायद्याचा भंग करणारी पाटी किंवा गाडी दिसणार नाही असं होणं कठीण.

काय छापलं

लेख छापला. शीर्षक झालं ‘जांभुळखेडा: १६ खून, आणि पुढे काय?’ हेगचा परिच्छेद गुरुजींनी स्वतःच काढला आणि त्या जागी खटल्याच्या दिरंगाईवर लिहिलं. तो भाग मूळ लेखापेक्षा जास्त टोकदार झाला, कारण आता प्रश्न उत्तर देऊ शकणाऱ्यालाच विचारला होता. ‘युद्धगुन्हा’ शब्द मजकुरात एकदाच राहिला, ‘लोकांना हा युद्धगुन्हाच वाटतो’ अशा वाक्यात. तो काढायला मी सांगितलं नाही. लोकांना तसं वाटतं हे खरंच आहे.

त्या उपसंपादक मुलीनं डेस्कसाठी एक चिठ्ठी तयार केली. परदेशी बातम्यांत हा शब्द आला तर कोण म्हणतं ते त्याच वाक्यात लिहायचं: न्यायालय, फिर्यादी पक्ष, एखादं सरकार की संघटना. वॉरंट निघालं म्हणजे आरोप आहे, दोष सिद्ध झालेला नाही. रुग्णालयावर बॉम्ब पडला एवढ्यावरून शीर्षकात हा शब्द द्यायचा नाही, कारण रुग्णालयाला संरक्षण असलं तरी नेम कशावर होता आणि काय माहीत असताना धरला होता, यावर बरंच अवलंबून असतं. देशातल्या घटनांना तो डेस्कनं आपणहून लावायचा नाही.

चिठ्ठी वाचून गुरुजींनी तिला विचारलं, “मंग जनअदालतीत मारलेल्या पोराला काय म्हणणार तुम्ही? तुमचे वकीलसाहेब तर म्हणतात तिथेच तो शब्द बसते.” तिनं प्रश्न संपादकांपर्यंत नेला. त्यांनी नियम बदलला नाही, पण अशी बातमी यापुढे मृताच्या नावासह आणि तपास कोणत्या कलमांखाली चालू आहे त्यासह द्यायची, एवढं मान्य केलं. शीर्षक अजून ‘खबरी असल्याच्या संशयावरून हत्या’ असंच जातं.